आधी चौकट, मग माणूस: कार्तिए-ब्रेसाँ यांच्याकडून रस्त्यावरचे छायाचित्रण कसे शिकावे

फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ (१९०८–२००४) यांचे नाव निघाले की ‘निर्णायक क्षण’ हे शब्द हमखास कानावर येतात. १९५२ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीचे ते नाव. त्यामुळे चपळ बोट आणि थोडे नशीब असले की पुरे, अशी नवशिक्याची समजूत होते. माझ्या मते त्यांच्याकडून शिकण्यासारखी पहिली गोष्ट नेमकी उलट आहे: जागा आधी निवडायची आणि मग थांबायचे.

यासाठी दक्षिण फ्रान्समधील इयेर गावी १९३२ साली त्यांनी टिपलेले छायाचित्र समोर ठेवावे. पुढे दगडी जिन्याचे वळण आणि लोखंडी कठडा, खाली तसाच वळत गेलेला रस्ता आणि वरच्या डाव्या बाजूला, वेगामुळे पुसट झालेला एक सायकलस्वार. आता सायकलस्वारावर अंगठा ठेवून पाहा. चित्र रिकामे वाटते, पण मोडत नाही, कारण सगळ्या रेषा त्या मोकळ्या जागेकडेच नजर नेतात. कार्तिए-ब्रेसाँ यांनी तरुणपणी आंद्रे लोत या चित्रकाराकडे चित्रकलेचे शिक्षण घेतले होते. रचनेची ही जाण तिथेच पक्की झाली.

आपणही आपल्या गावातला एखादा जिना, बोळाचे तोंड किंवा उन्हा-सावलीने दुभंगलेली भिंत निवडावी, माणूस नसतानाच चौकट पक्की करावी आणि तासभर तिथून हलू नये. पहिली पंधरा मिनिटे कंटाळवाणी जातात आणि येणारे-जाणारे आपल्याकडे पाहत राहतात. नंतर त्यांना आपली सवय होते आणि खरे काम तेव्हाच सुरू होते.

साधने मोजकीच असावीत. कार्तिए-ब्रेसाँ यांचा लहानसा लायका कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची लेन्स ही जोडी बहुतेक आयुष्यभर टिकली, आणि कॅमेऱ्याची चकाकी लोकांच्या डोळ्यांत भरू नये म्हणून ते त्यावर काळी पट्टी चिकटवत. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा सेन्सर ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा असतो) हीच लेन्स असेल, तर छिद्र, म्हणजे लेन्समधून उजेड आत येण्याची वाट, एफ-८ वर आणि फोकस ३ मीटरवर ठेवल्यास साधारण अडीच ते चार मीटरमधले सारे पुरेसे स्पष्ट येते. मग माणूस त्या पट्ट्यात येईपर्यंत कॅमेऱ्याशी झटापट करावी लागत नाही. मोबाइल असेल तर पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड आधीच कायम करावा.

अर्थात प्रत्येक चित्र वाट पाहून मिळत नाही. पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागे, १९३२ सालीच, पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाची टाच पाण्याला टेकण्याआधीचा क्षण त्यांनी फळ्यांच्या कुंपणाच्या फटीतून टिपला. चित्राच्या कडा कापण्याला त्यांचा सक्त विरोध असे. या चित्रात मात्र कडेला आलेले कुंपण कापावे लागले. नियम पाळावा, पण त्यापायी असे चित्र टाकून देऊ नये.

घरी आल्यावर सगळी छायाचित्रे लहान आकारात शेजारी शेजारी मांडावीत आणि उलटी करून पाहावीत. चेहरे ओळखू येईनासे झाले की रचना उघडी पडते. मात्र केवळ पुसट आहे म्हणून काही रद्द करू नये. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची भेट घेऊन कार्तिए-ब्रेसाँ दिल्लीच्या बिर्ला हाउसमधून निघाले आणि थोड्याच वेळात हत्येची बातमी आली. ते परतले, आणि फाटकापाशी उभे राहून जमलेल्या लोकांना ती वार्ता सांगणाऱ्या नेहरूंचे छायाचित्र त्यांनी घेतले. दिव्याच्या उजेडात ते छायाचित्र काहीसे हलले आहे, आणि त्यांनी ते तसेच ठेवले.