शेळ्या उलटत होत्या, तेव्हा काय केलं

मोहोळ तालुक्यात आमच्या मोजक्याच उस्मानाबादी शेळ्या. उन्हाळ्याच्या शेवटी बोकडाला लावल्या की बऱ्याच उलटायच्या, म्हणजे गाभ धरायच्या नाहीत; गाभ राहिल्या त्या एकच करडू द्यायच्या. जात तर जुळ्यांची! हात फिरवला की कणा टोचायचा, कारण मार्च ते मे गव्हाणीत नुसता ज्वारीचा कडबा.

मग लावण्याच्या 3 आठवडे आधीपासून खुराक सुरू केला. शेळीमागे रोज 200 ग्रॅम मक्याचा भरडा, तुरीचं भुसकट, बांधावरची शेवरी. भरडा हळूहळूच वाढवा, एकदम घातला तर पोट बिघडतं आणि शेळी दगावूही शकते. जंताचं औषध डॉक्टरांना विचारून आधीच दिलं.

बोकड वेगळा बांधला. सकाळ-संध्याकाळ माज (शेळी बोकड मागते ती वेळ) बघायचा: शेपटी सारखी हलते, शेळी ओरडते, चिकट स्राव दिसतो. माज दिसल्यावर साधारण 12 तासांनी लावायची, टिकला तर पुन्हा 12 तासांनी. तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहितो. 18 ते 21 दिवसांनी माज परतला नाही की जीव भांड्यात पडतो.

यंदा जुळी भरपूर झाली, करडं उठून लगेच आचळाला लागली. बोकड मात्र दर 2 वर्षांनी बदलाच, नाहीतर त्याच्याच पाठी (मादी करडं) मोठ्या होऊन त्यालाच लागतात.