कधी चालू, कधी नुसतं 'टक': माझा अनुभव

रत्नागिरीत असताना आमची पेट्रोल गाडी मध्येच स्टार्ट व्हायची नाही. किल्ली फिरवली की एकच 'टक' आवाज, आणि थोड्या वेळाने आपोआप सुरळीत. सगळे म्हणाले, बॅटरी बदला.

पण हेडलाइट लावून किल्ली फिरवली तेव्हा उजेड जराही मंदावला नाही. स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) करंट ओढतो तेव्हा दिवे थोडे मंद व्हायलाच हवेत. म्हणजे पुरेसा करंट स्टार्टरपर्यंत पोचत नव्हता. मल्टीमीटरवर बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. मग खरी चाचणी केली: गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि भावाला किल्ली फिरवायला सांगितली. मीटरवर अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवं, तिथे जवळपास ४ व्होल्ट, म्हणजे तेवढे व्होल्ट त्या जोडणीतच वाया जात होते! ही चाचणी बिघाड चालू असतानाच करायची, एरवी सगळं ठीकच दिसतं.

दोष अर्थिंगच्या पट्टीत, म्हणजे इंजिन बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणाऱ्या पट्टीत, होता. खाऱ्या हवेने बोल्टखाली हिरवट गंज धरला होता. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत घासली, बोल्ट घट्ट आवळले, वरून पेट्रोलियम जेली लावली. बॅटरी तीच आहे आणि गाडी पहिल्या किल्लीला चालू होते.