बोल्टची धुलाई आणि हीट ट्रीटमेंट : या चुका टाळा

12.9 ग्रेडच्या, म्हणजे खूप जास्त ताकदीच्या बोल्टचा कडकपणा 400 एचव्ही (विकर्स हे कडकपणाचं माप) आला, टेन्साइल म्हणजे ओढून तोडायची चाचणी पास झाली, म्हणजे लॉट चांगला, असं समजणं ही पहिली चूक. सर्वांत महागात पडणारा दोष भट्टीच्या आधी, वॉशिंग मशीनमध्येच आलेला असतो.

कोल्ड फोर्जिंगच्या (न तापवता ठोकून बोल्ट घडवण्याच्या) तारेवर झिंक फॉस्फेट आणि साबणाचा थर असतो. डाय (बोल्टला आकार देणारा साचा) टिकायला तो हवाच. पण तोच थर घेऊन बोल्ट 870-880 अंशांच्या भट्टीत गेला की फॉस्फरस पोलादात शिरतो. आट्यांच्या मुळाशी, जिथे ताण सर्वांत जास्त, तिथेच फेराइटचा (फॉस्फरस शिरलेल्या लोखंडाचा) ठिसूळ थर बसतो. डोळ्यांना काही दिसत नाही. बोल्ट कापून तो काप नायटलने (नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोलचं मिश्रण) एच करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की कडेला पांढरी रेघ दिसते. बोल्टांच्या आयएसओ 898-1 या मानकानुसार 12.9 च्या ताण येणाऱ्या पृष्ठभागावर ही रेघ अजिबात चालत नाही.

हे घडतं ते बहुतेक वेळा घाईत. डिस्पॅच अडकलेला असतो, म्हणून वॉशिंग मशीनच्या सरकत्या पट्ट्यावर माल दुप्पट जाड ओतला जातो. फवारा वरच्या बोल्टांनाच लागतो, खालचे नुसते ओले होतात. कास्टिक (धुलाईचं अल्कली द्रावण) गरम व्हायची वाट कुणी पाहत नाही. पांढरं फडकं फिरवलं तर स्वच्छ निघतं, कारण तेल गेलेलं असतं. फॉस्फेटही राखाडी आणि उघडं पोलादही राखाडी, त्यामुळे नजर फसते. पुढे काप तपासला जातो आणि सगळा लॉट भंगारात जातो. हार्डनिंगनंतर (भट्टीत तापवून झटकन थंड केल्यावर) तो ठिसूळ थर काढायचा तर आट्यांचं मापच जाईल.

कास्टिकची धुलाई 70-80 अंशांवरच करा आणि पट्ट्यावर माल पातळ पसरा. दर शिफ्टला टायट्रेशन करून कास्टिकची तीव्रता मोजा. साबण आणि फॉस्फेटने भरलेल्या टाकीत नुसती पावडर वाढवून भागत नाही, ती टाकी बदलायचीच. त्यानंतर दोनदा पाणी, दुसरं वाहतं. भट्टीच्या तोंडाशी चार बोल्ट उचलून आट्यांवर आणि डोक्याखाली मॉलिब्डेट चाचणी (फॉस्फेट उरलं आहे का ते दाखवणारी) घ्या. निळी छटा आली तर माल परत धुलाईला. ॲलन बोल्टच्या डोक्यातल्या षटकोनी खोबणीत कास्टिक साचतं, म्हणून तिथे हवा मारा.

दुसरी चूक ॲसिडची. हार्डनिंगनंतरचे काळे डाग काढायला 12.9 चे बोल्ट हायड्रोक्लोरिकमध्ये बुडवणं हा शॉर्टकट मुळीच मान्य करू नये. हायड्रोजन आत शिरतो, बोल्ट आवळताना ठीक वाटतो आणि काही तासांनी किंवा दिवसांनी डोक्याखाली तुटतो. प्लेटिंगनंतर 4 तासांच्या आत 190-220 अंशांवर बेकिंग (हायड्रोजन बाहेर काढायला तापवून ठेवणं) केल्याने धोका कमी होतो, संपत नाही. डाग शॉट ब्लास्टिंगने (पोलादी छऱ्यांच्या माऱ्याने) काढा.

क्वेंच ऑइल (तापलेले बोल्ट झटकन थंड करायचं तेल) न धुता टेम्परिंगला (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवायला) माल सोडला तर तेल जळून चिकटतं आणि मग हेच काळे डाग येतात.

भट्टीतलं कार्बन पोटेन्शियल (भट्टीतला वायू पोलादाला किती कार्बन देऊ शकतो ते माप) पोलादाच्या कार्बनशी जुळवा. 0.35 टक्क्यांच्या पोलादासाठी लावलेलं सेटिंग 0.20 टक्क्यांच्या बोरॉन पोलादाला तसंच ठेवलं तर पृष्ठभाग कार्बन घेतो, उलट केलं तर गमावतो. पृष्ठभाग गाभ्यापेक्षा 30 एचव्हीहून जास्त कडक निघाला, तर तो लॉटही नापास.