पिसलेला कॅट सहा फेऱ्यांत पाठ क्रमावर

प्रेक्षकाने मनापासून पिसलेला कॅट, कॅट न बदलता, पाठ क्रमावर, म्हणजे जादूगाराने तोंडपाठ केलेल्या ५२ पानांच्या ठरावीक क्रमावर आणायचा तर पत्ते निवडून हलवायला निमित्त लागतं. मनातलं पान ओळखण्याचा खेळ हे सर्वांत चांगलं निमित्त, कारण पान ओळखणं आणि क्रम लावणं ही दोन्ही कामं एकाच हालचालीत होतात.

क्रम कोणताही चालेल, जादूगार तामारिझ यांचा किंवा अ‍ॅरॉन्सन यांचा. पान दिसताक्षणी त्याचा क्रमांक आठवायला हवा. सराव ठाणे-वाशी लोकलमध्ये मोबाइलवर करा. गाडीत खरे पत्ते काढलेत तर मेंढीकोटाला भिडू गोळा होतील.

जोकर काढा, ५२ पानं मोजा. सोसायटीच्या हॉलमधला मागून आणलेला कॅट बहुधा अपुरा असतो, आणि एक पान कमी असलं की त्यापुढची सगळी एका जागेने सरकतात. मोजणं संशयास्पद वाटत नाही, उलट प्रेक्षकच मदत करतात. मग एखाद्याला पान मनात धरायला सांगा.

कॅट उभा धरा, चित्रं तुमच्याकडे. पानं सरकवत जा आणि त्या फेरीत बसणारी (कोणती ते पुढे दिलं आहे) अर्धा इंच वर काढा. सगळी झाली की ती एकत्र ओढून घ्या, पंखा करून दाखवा आणि विचारा, "तुमचं पान यात आहे का?" उत्तर मिळालं की गट तसाच मिटून कॅटच्या चित्राच्या बाजूला, म्हणजे तुमच्याकडच्या बाजूला ठेवा. गटातला आपसांतला क्रम हलता कामा नये. सगळी गंमत त्यावरच आहे.

पहिल्या फेरीत विषम क्रमांक. दुसरीत चाराने भागून बाकी २ किंवा ३ उरते ते, तिसरीत आठाने भागून ४ ते ७, चौथीत सोळाने भागून ८ ते १५. पाचवीत १६ ते ३१ आणि ४८ ते ५२. सहावीत ३२ ते ५२. वर काढलेली पानं अनुक्रमे २६, २६, २५, २४, २१, २१ भरली पाहिजेत. संख्या जुळली नाही तर गट ओढण्याआधीच चूक शोधा.

"हो"ची किंमत फेरीनुसार १, २, ४, ८, १६, ३२. बेरीज म्हणजेच मनातल्या पानाचा क्रमांक. तामारिझ यांच्या क्रमात इस्पिकचा एक्का सातवा आहे. तो पहिल्या तीन फेऱ्यांत "हो" देतो आणि पुढे "नाही". बेरीज शून्य किंवा ५२पेक्षा जास्त आली तर प्रेक्षक चुकला आहे. पान हुकलं तरी बिघडत नाही, कॅट तर लागलेला असतो: पालथा धरला की वरचं पान पहिलं, तळाचं बावन्नावं.

एखादं पान पहिल्या फेरीत सुटलं तर ते फार तर शेजारच्याशी अदलाबदल करतं. सहाव्या फेरीत सुटलं तर ते ३१-३२ जागा वर जाऊन बसतं. सुरुवातीला बोलत बोलत काम करा, शेवटच्या दोन फेऱ्यांत गप्प राहा.

मध्येच कोणी कॅट कापला तर आधीच्या फेऱ्यांची मेहनत तुटते. प्रत्येक फेरीनंतर तळाचं पान लक्षात ठेवा आणि कापल्यावर तेच पुन्हा तळाशी आणा. दोन फेऱ्यांमध्ये कोणी पिसायला मागितला तर मात्र इलाज नाही, म्हणून कॅट टेबलावर ठेवूच नका.

सहा फेऱ्या लांबतात, हे खरं. एका फेरीला पाऊण मिनिटापेक्षा जास्त लागत असेल तर हा प्रकार अजून लोकांसमोर नेऊ नका. तिघांना वेगवेगळी पानं धरायला लावली तर प्रत्येक पंख्यावर तीन उत्तरं मिळतात आणि रस टिकतो. तीन बेरजा सांभाळायची तयारी ठेवा.

गणपतीच्या मंडपात मुलं मागे येऊन उभी राहतात आणि चित्रं पाहतात. पाठ भिंतीला लावून बसा. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेने पानं फुगून चिकटतात, एकाच्या जागी दोन वर येतात. कॅट सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि त्या दिवसांत अर्ध्याऐवजी पाऊण इंच वर काढा.