तालुक्याच्या अध्यापक मंडळाची निवडणूक कशी घ्यायची

मंडळाच्या निवडणुकीत मतदानाचा दिवस हा सगळ्यात सोपा भाग असतो. भांडणं लागतात ती यादीवरून, म्हणजे मत कुणाला आहे आणि कुणाला नाही यावरून, आणि तो विषय भर सभेत निघाला की मग दिवस गेलाच समजा. हे लिहितोय ते तालुका-जिल्हा पातळीवरच्या गणित, विज्ञान, इंग्रजी वगैरे अध्यापक मंडळांसाठी, पण शिक्षकांच्या कुठल्याही नोंदणीकृत संस्थेला थोड्याफार फरकाने चालेल. गंमत बघा, लोकसभा-विधानसभेला केंद्राध्यक्ष म्हणून रात्री उशिरापर्यंत बसून १७ सी (झालेल्या मतांच्या हिशेबाचा फॉर्म) बिनचूक भरणारे हेच सगळे सर-मॅडम, आणि स्वतःच्या मंडळाची निवडणूक मात्र चहा यायच्या आत टाळ्यांवर उरकतात.

सगळ्यात आधी मंडळाची घटना, म्हणजे नोंदणीवेळची नियमावली, शोधा. हो, शोधाच, कारण ती बहुतेक वेळा दोन टर्म आधीच्या कार्यवाहांच्या कपाटात असते. नाहीच मिळाली तर जिथे नोंदणी आहे त्या सहायक धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज करून प्रमाणित नक्कल काढता येते. घटनेत बघायचं काय, तर कार्यकारिणीची मुदत किती, पदं किती, अध्यक्ष थेट सभासद निवडतात की आधी कार्यकारिणी निवडून मग ती आपल्यातून अध्यक्ष-कार्यवाह-कोषाध्यक्ष ठरवते, सभेची नोटीस किती दिवस आधी द्यायची, कोरम किती, आणि मतदान गुप्त की हात वर करून. "आपल्याकडे नेहमी असंच करतात" याला हरकतीच्या वेळी काडीची किंमत नसते, घटनेत लिहिलंय तेच चालतं.

मग चालू कार्यकारिणीच्या मीटिंगमध्ये ठराव करून निवडणूक निर्णय अधिकारी नेमा. जो स्वतः उभा राहणार नाही, कुणाचा सूचक नाही आणि कुणाचा साडूही नाही असा माणूस. निवृत्त मुख्याध्यापक या कामाला एक नंबर, त्यांच्याकडे वेळ असतो, आवाज असतो आणि निम्मे सभासद अजून त्यांना घाबरून असतात. शेजारच्या तालुक्यातले मिळाले तर अजून छान. एकदा नेमले की निवडणुकीची प्रत्येक सूचना त्यांच्याच सहीने काढायची, मावळत्या अध्यक्षांच्या नाही.

तारीख ठरवताना दहावी-बारावीच्या परीक्षा आणि पेपर तपासणीचे दिवस टाळा, दिवाळीची सुट्टी पण टाळा कारण निम्मे लोक गावी असतात. शाळा सुरू होऊन स्थिरस्थावर झाल्यावरचा एखादा रविवार बरा पडतो. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पण जमतं, फक्त लांबच्या शाळांवरच्या मॅडमना यायला वेळ लागतो म्हणून मतदान दुपारी उशिरापर्यंत चालू ठेवा.

आता यादी. इथे खरी मेहनत आहे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १५ मध्ये सरळ लिहिलंय की ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकलीय त्याला मत देता येत नाही. म्हणजे पावती पुस्तक, बँक स्टेटमेंट आणि सभासद रजिस्टर तिन्ही समोर ठेवून एकेक नाव ताडून बघायचं. आजकाल वर्गणी यूपीआयने कोषाध्यक्षांच्या वैयक्तिक खात्यावर जाते आणि पावती फाडायची राहून जाते, मग त्या माणसाने पैसे भरलेत तरी तो यादीत नाही आणि तो मोबाईलवर स्क्रीनशॉट दाखवत फिरतोय. असे सगळे व्यवहार आधीच मंडळाच्या खात्यावर घेऊन पावत्या देऊन टाका. बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेले आणि रिटायर झालेले यांचं काय, ते घटनेवरून ठरवा, चेहरा बघून ठरवू नका.

आणि वर्गणी भरायची कटऑफ तारीख जाहीर कराच. नाहीतर शेवटच्या रात्री एक उमेदवार चाळीस जणांची वर्गणी एकगठ्ठा आणून टेबलावर ठेवतो, सगळ्या पावत्या एकाच हस्ताक्षरात, आणि मग तुम्ही ती घेतली तरी भांडण, नाही घेतली तरी भांडण. कच्ची यादी मतदानाच्या महिनाभर आधी लावा, हरकतींना एक आठवडा द्या, हरकती लेखीच घ्या, निकालही लेखी द्या, मग पक्की यादी. पक्की झाली की बदल नाही म्हणजे नाही, अगदी अध्यक्षांच्या मिसेसचं नाव राहिलं असलं तरी.

फॉर्म साधा ठेवा: नाव, शाळा, सभासद क्रमांक, पद, सूचक, अनुमोदक आणि उमेदवाराची संमतीची सही. भरायला चार-पाच दिवस, मग छाननी, मग माघारीची मुदत. बिनविरोध झालं तर वाईट काहीच नाही, उलट विषय मंडळात पदासाठी माणूस हाताला धरून आणावा लागतो हे सगळ्यांना माहितीये, पण बिनविरोध हे माघारीची वेळ संपल्यावर जाहीर करायचं असतं. आधीच तिघांनी बसून "यंदा तुम्ही व्हा" केलं आणि फॉर्मच दिले नाहीत, तर नवीन लागलेल्या शिक्षकाला आपण उभं राहू शकतो हेच कळत नाही. जिथे जिथे तीच मंडळी वर्षानुवर्षं दिसतात तिथे कारण बहुतेक एवढंच असतं.

व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन उमेदवार असेल तर तेवढ्या दिवसांपुरता ग्रुप निर्णय अधिकाऱ्यांकडे द्या. आणि गूगल फॉर्मवर मतदान घ्यायचा मोह टाळा, घटनेत ऑनलाईनची सोय नसेल तर निकाल टिकणं अवघड, शिवाय कुणी कुणाला दिलं हे फॉर्म बनवणाऱ्याला दिसू शकतं.

मतदानाला फार काही लागत नाही. आडनावाच्या क्रमाने नावं छापलेली मतपत्रिका, पदागणिक वेगळा रंग असला तर मोजायला सोपं, मागे निर्णय अधिकाऱ्यांची सही, आणि यादीत मतदाराची सही घेऊनच पत्रिका द्यायची. पेटी म्हणून खडूचं मोठं खोकं चालतं, फक्त सुरुवातीला रिकामं दाखवून सगळ्यांसमोर सील करा. सात सदस्य निवडायचे असतील तर सातपर्यंत खुणा चालतात, कमी असल्या तर मत बाद नाही, आठवी खूण झाली की बाद, हे पत्रिकेवरच ठळक छापा. शिक्षक मतदारसंघात आपण १, २, ३ असे पसंतीक्रम टाकतो, त्याच सवयीने इथेही कुणीतरी आकडे टाकतंच, म्हणून "फक्त फुली मारा" असंही लिहा.

मोजणी लगेच, तिथेच, उमेदवारांसमोर. पंचवीसचे गठ्ठे बांधा, एकाने नाव वाचायचं, दुसऱ्याने फळ्यावर ताळ्याच्या खुणा करायच्या, आपल्यासाठी रोजचंच काम. समान मतं पडली तर घटनेत दिलंय तसं, काहीच नसेल तर चिठ्ठी काढायची हे मतदानाआधीच जाहीर करून ठेवा.

निकालानंतर लोक सत्काराचे फोटो टाकतात आणि कागद विसरतात. त्याच दिवशी इतिवृत्त लिहून घ्या, कुणाला किती मतं ते आकड्यांसकट. संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली असेल, आणि बहुतेक असतेच, तर १९५० च्या विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे कार्यकारिणीतल्या बदलाचा अहवाल, धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात द्यायचा असतो. सोबत नोटीस, ती सभासदांना मिळाल्याचा पुरावा, इतिवृत्ताची प्रत, नव्या लोकांची संमतीपत्रं. उशीर झाला तर माफीचा वेगळा अर्ज आणि वकिलांच्या चकरा. बँकेत सह्या बदलायला ठराव आणि नव्या पदाधिकाऱ्यांची केवायसी लागते, तोवर जुन्या कोषाध्यक्षांशी गोड बोला. शिक्का, पासबुक, चेकबुक, पावती पुस्तकं, रजिस्टर हे सगळं यादी करून दोघांच्या सहीने हस्तांतरित करा. आणि मतपत्रिका सीलबंद पाकिटात, चेंज रिपोर्ट मंजूर होईपर्यंत, रद्दीत जाऊ देऊ नका.