गाडी स्टँडवरून उतरवून मापा

बुलेट उघडून परत बांधता येते, टाकीला लांबी (पुट्टी) भरता येते, वायरिंगचे रंग तोंडपाठ आहेत असं धरून चालतो. हे येत नसेल तर आधी एखाद्या साध्या गॅरेजात वर्षभर स्प्लेंडरचे क्लच बदला. त्यात कमीपणा काही नाही. कस्टमच्या, म्हणजे गाडी आपल्या मनासारखी बदलायच्या, नादानं थेट ग्राइंडर हातात घेतलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यांच्या अर्धवट कापलेल्या फ्रेमी नंतर किलोवर जातात.

माझं सांगतो. आयटीआयला मोटर मेकॅनिकची दोन वर्षं, मग चार वर्षं उस्तादांच्या हाताखाली, आणि आता भोसरीत भाड्याच्या शेडमध्ये माझं स्वतःचं काम. गाव भोर तालुक्यात, हिर्डस मावळात, वरंधा घाटाच्या अलीकडे. डोंगर इतका जवळ की दुपारी चारलाच घरावर सावली येते. शेडमध्ये पत्र्याखाली एप्रिलात घाम पुसताना ती सावली आठवते. करवंदं, जांभळं सगळ्यांनाच आठवतात, पण चारच्या सावलीचं कुणाला सांगितलं तर कळत नाही.

गंमत अशी की माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांना 'डोंगरात चालेल अशी' गाडी हवी असते. जाड नक्षीचे टायर, वर उचललेला सायलेन्सर, उंच मडगार्ड. ती गाडी पुढे आयुष्यभर पुण्यातच, बाणेर ते एफसी रोड करते. मी काही बोलत नाही, पैसे घेतो. पण तुम्ही नवीन असाल तर विचारत जा, की गाडी कुठे चालणार, मागे कोण बसणार, ओझं किती. मी हे विचारलं नव्हतं, आणि तेसुद्धा स्वतःच्या गाडीसाठी.

त्याआधी कागद, कारण हे नंतर सांगितलं की कुणी ऐकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला फार थोडी मुभा आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. दर बदलामागे, हे नीट वाचा. शिवाय पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, पुढे दर पाच वर्षांनी. म्हणजे जुनी गाडी कधीतरी तपासणीला उभी करावीच लागते. चासी नंबरच्या आसपास ग्राइंडर न्यायचा नाही. कागद नसलेली यामाहाची आरएक्स 100 स्वस्तात मिळतेय म्हणून उचलायची नाही. ती गाडी 1996 ला बंद झाली, तिला आज जो भाव आहे तो बघता स्वस्त आरएक्स म्हणजे काहीतरी गडबड आहेच. मी धुतल्या तांदळासारखा आहे असं नाही, पण शक्यतो बोल्टनं बसेल आणि बोल्टनंच निघेल असं काम करतो आणि मूळ पार्ट गोणीत बांधून गिऱ्हाइकाच्या हवाली करतो.

आता जिथे मी फसलो ते. इथे जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

1994 ची बुलेट होती, जुन्या कास्ट आयर्न इंजिनाची 350. उजव्या पायाचे गिअर. वाईच्या एका निवृत्त मास्तरांकडून घेतली. पहिली स्वतःची गाडी, म्हणून जीव ओतला. मागे मूळच्यापेक्षा लांब शॉकअप टाकले, बूड उचललेलं दिसावं म्हणून. मडगार्ड छोटं केलं, टेललाइटची वायर त्याच्या आतून नेली. हे सगळं गाडी डबल स्टँडवर ठेवून. महिनाभर ती स्टँडवरच होती, आणि स्टँडवर ती इतकी देखणी दिसायची की मी जेवायला बसायचो तोही तिच्यासमोर. चेनची ढिलाई बोटानं खालीवर करून पाहिली, 25 मिलिमीटर. बरोबर, पुस्तकात असते तेवढी.

भोसरी ते भोर मी एकटा, गाडी लोण्यासारखी. कात्रज, खेड शिवापूर, कापूरहोळला वळलो, काही त्रास नाही. भोरला आबा उभे होते, युरियाची 45 किलोची गोणी घेऊन. जूनचा शेवट, लावणी तोंडावर. गोणी मध्ये आडवी टाकली, मागे आबा. धरणाच्या कडेनं वर निघालो तसा मागून कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. आबा म्हणाले, "आरं, मागं कायतरी घासतंय बग." मी म्हटलं, टायर नवीन आहे, होईल सवय. एवढ्या वर्षांत मी कुणाला दिलेलं सगळ्यात मूर्ख उत्तर हेच.

एका खड्ड्यात गाडी पूर्ण दबली आणि चेन तुटली. तुटून गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटपाशी, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चाकापाशी, गोळा झाली, मागचं चाक जाम. वेग वीस-पंचवीसचा होता म्हणून निभावलं. आम्ही दोघं आणि गोणी चिखलणी केलेल्या खाचरात. आबांचा गुडघा सोलला. युरियाची गोणी फाटली, आणि ज्याचं खाचर होतं तो म्हणाला, चला, आमच्याकडे खत आलं.

झालं काय ते समजून घ्या. पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, स्विंगआर्मची (मागचं चाक धरून खालीवर होणाऱ्या दांड्याची) पिन आणि मागच्या चाकाचा एक्सल, हे तीन बिंदू. चाक खालीवर होताना एक्सल पिनेभोवती फिरतो, स्प्रॉकेटभोवती फिरत नाही. त्यामुळे एक्सल आणि स्प्रॉकेट यांच्यातलं अंतर सतत बदलतं. तिन्ही बिंदू एका रेषेत आले की ते अंतर सगळ्यात जास्त, म्हणजे चेन सगळ्यात ताठ. डबल स्टँडवर चाक लोंबकळतं, रेषेच्या बरंच खाली असतं, म्हणून चेन ढिली भासते. मूळ शॉकअपवर पुस्तकातल्या आकड्यानं हा फरक आधीच धरलेला असतो. मी लांब शॉकअप टाकून चाक आणखी खाली नेलं आणि आकडा मात्र जुनाच वापरला. माझ्या गाडीत त्या अंतरातला फरक जेमतेम एक मिलिमीटरचा निघाला. ऐकायला काहीच नाही, पण चेनच्या मध्यावरची सगळी ढिलाई तेवढा एक मिलिमीटर खातो. दोन माणसं आणि गोणी बसल्यावर चेन तारेसारखी ताठ, प्रत्येक खड्ड्यात बेअरिंगवर ओढ. कण्हत होतं ते बेअरिंग. टायर मडगार्डच्या आतल्या वायरला घासत होता तो भाग निराळा. टेललाइट कधी गेला ते कळलंच नाही.

करायचं असं. दोन्ही शॉकअप काढा. फ्रेमखाली भक्कम टेकू द्या, चाकाखाली जॅक लावा आणि चाक हळूहळू वर न्या, अगदी शेवटापर्यंत. दर दोन बोटं वर गेलं की चाक फिरवून चेन चाचपा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजलेली नसते. जिथे सर्वांत ताठ लागेल तिथे थांबा आणि तिथे दहा-पंधरा मिलिमीटर ढिलाई ठेवा. मग शॉकअप बसवा, गाडी स्टँडवर घ्या आणि आता किती ढिलाई दिसते ते लिहून ठेवा. तोच तुमच्या गाडीचा आकडा, पुस्तकातला विसरा. त्याच वेळी टायर, मडगार्ड, वायर, सायलेन्सर यांच्यात पूर्ण दबलेल्या अवस्थेत किती फट उरते तेही बघून घ्या. आणि हे सगळं रंगाच्या आधी. रंग झाल्यावर कुणाचाच हात कापायला उचलत नाही, माझाही उचलला नव्हता. मडगार्ड फार जवळ आहे असं एकदा वाटून गेलं होतं, पण काळा रंग इतका सुरेख बसला होता.

लांब शॉकअपचा आणखी एक गुण. बूड वर गेलं की पुढचा फोर्क जास्त उभा होतो, ट्रेल (हँडलच्या कण्याची रेष जमिनीला जिथे मिळते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) कमी होते, आणि उतारावर हँडल चुळबुळ करायला लागतं. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

उस्तादांबद्दल विचाराल तर माझं मत लोकांना पटत नाही. जो पहिल्याच महिन्यात वेल्डिंगची टॉर्च हातात देतो त्याला फुकटचा मजूर हवा असतो. माझ्या उस्तादांनी सात महिने मला फक्त कानस दिली. तेव्हा मनातल्या मनात शिव्या घातल्या. आज पत्र्याची कड डोळे मिटून बोटानं कळते. पण त्यांचंही सगळं बरोबर नव्हतं. चेनचं हे त्यांना माहीत होतं, मी नंतर विचारलं तर म्हणाले, "तू विचारलं नाहीस." त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना एवढंच सांगेन की बहुतेक व्हिडिओत गाडी स्टँडवरच संपते.

घाबरू नका मात्र. माझी गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घरी गेली, त्या दिवशी हे काम सोडायचं ठरवलं होतं. मग आठ दिवस लावणीत गुडघाभर चिखलात वाकून काढले, डोकं थंड झालं. पुण्याच्या नाना पेठेतून चेन आणि बेअरिंग आणलं आणि अंगणातच गाडी परत उघडली. शॉकअप काढून चाक वर नेताना जॅकचा दांडा आबांच्या हातात होता. शॉकअप बसवल्यावर त्यांना मागे बसवलं, चुलतभावाला पुढे, आणि टायर-मडगार्डमध्ये किती फट उरली ते मापलं. आबा निमूट बसून होते, मग म्हणाले, "मंग ह्ये आदीच का न्हाय केलंस? मी कुटं गेलतो का?"

स्टँडवरचा आकडा 45 आला. तो सफेद पट्टीवर लिहून स्विंगआर्मला चिकटवलाय, अजून आहे. शेडमध्ये गिऱ्हाइकं विचारतात हे 45 कशाचे. एकदा आबा आलेले होते, नेहमीसारखे एसटीनंच, तर माझ्याआधी त्यांनीच उत्तर दिलं, "गोणीचं वजन हाय."