आधी त्याच्याकडे जा: घरातली आणि मैत्रीतली नाती सांभाळण्याची ख्रिस्ती रीत

कोल्हापुरातल्या एखाद्या मोठ्या कुटुंबात कोणाचे मन दुखावले, तर ती गोष्ट आधी माहेरी कळते, मग मावशीला कळते, महिला संघातल्या दोन-चार जणींना ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून कळते, आणि ज्याच्यामुळे मन दुखावले त्याच्यापर्यंत ती सर्वांत शेवटी, तिखटमीठ लागून पोहोचते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील १८व्या अध्यायात (वचने १५ ते १७) येशूने याच्या नेमका उलटा क्रम घालून दिला आहे. आधी दोघांनीच एकांतात बोलावे, ऐकले नाही तर एक-दोन जणांना सोबत घेऊन जावे, आणि तरीही ऐकले नाही तरच विषय मंडळीपुढे, म्हणजे चर्चपुढे, न्यावा. प्रेम, क्षमा आणि सहनशीलता यांवर आपण व्यासपीठावरून पुष्कळ ऐकतो. परंतु चांगल्या, विश्वासू माणसांची नातीसुद्धा बहुधा हा क्रम चुकल्यामुळेच बिघडतात, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून येथे भर त्या क्रमावर, आणि तो रोजच्या घरात कसा पाळावा यावर आहे.

एकांतात बोलायचे म्हणजे काय करायचे

एक साधे उदाहरण घेऊ. रविवारची उपासना आटोपून पाहुणे जेवायला आले आहेत, आणि गडबडीत आच मोठी राहिल्यामुळे नारळाचे दूध फाटून पांढरा रस्सा बिघडला आहे. सासूबाई पाहुण्यांसमोर म्हणतात, “आमच्या हातून कधी रस्सा फाटला नाही बघा.” सून काही बोलत नाही, ती मुकाट्याने भांडी आवरते आणि रात्री इचलकरंजीच्या बहिणीला फोन लावते. पुढच्या रविवारपर्यंत त्या वाक्याला “तुझ्या आईने तुला काही शिकवलेच नाही” असे रूप आलेले असते, दोन्ही घरे फुगून बसलेली असतात, आणि रस्सा कोणाच्या लक्षातही राहिलेला नसतो.

याच सुनेने दुसऱ्या दिवशी, मुले शाळेत आणि नवरा कामावर गेल्यावर, सासूबाई लसूण सोलायला बसल्या की शेजारी बसावे, चार पाकळ्या आपणही हातात घ्याव्यात आणि म्हणावे, “आई, काल पाहुण्यांसमोर रश्श्याबद्दल बोललात, त्याचे मला वाईट वाटले. माझे चुकले तर मला आत स्वयंपाकघरात सांगा, मी ऐकेन.” एवढेच. यात एकाच प्रसंगाचा उल्लेख आहे. “तुम्ही नेहमीच असे करता” हे वाक्य नाही. “तुमच्या मुलालाही हे पटले नाही” अशी साक्ष काढलेली नाही. आणि पुढे काय व्हावे हेही स्पष्ट सांगितले आहे. त्या वचनात बोलण्याचा हेतू दुसऱ्याला गप्प करणे हा नसून आपला भाऊ आपल्याला परत मिळावा हा आहे, आणि सासू-सुनेच्या बाबतीतही तोच धरावा. आपण कोल्हापूरचे लोक रोखठोक बोलण्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतो, परंतु हा रोखठोकपणा आपण बहुधा तिसऱ्या माणसाजवळच वापरतो, हे मान्य करायला हवे.

बोलण्याची वेळ निवडणेही महत्त्वाचे आहे. सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडावा, हे इफिसकरांस पत्रातील वचन (४:२६) काही घरांत एकमेकांवर हत्यारासारखे उगारले जाते, आणि शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतून दुसरी पाळी संपवून मध्यरात्री घरी आलेल्या माणसाला त्याच वेळी वाद मिटवायला बसवले जाते. दमलेल्या माणसाकडून अशा वेळी समेट होत नाही. नवे दोन शब्द मात्र निघतात. “मला राग आला आहे, पण आपण उद्या सकाळी चहाला बसून बोलू,” एवढे सांगून झोपणे हे त्या वचनाला धरूनच आहे, अट एवढीच की सकाळी खरोखर बोलावे. ऐकण्यास तत्पर, बोलण्यास सावकाश आणि रागास मंद असावे, हा याकोबाच्या पत्रातला (१:१९) सल्ला त्या चहाच्या वेळेसाठी लक्षात ठेवावा.

या क्रमाला दुसरी बाजूही आहे, आणि ती आपण सोयीस्करपणे विसरतो. मत्तय ५:२३-२४ मध्ये असे म्हटले आहे की वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याकडे जाऊन समेट करावा. म्हणजे दुखावलेल्यानेही जायचे आहे आणि ज्याने दुखावले त्यानेही जायचे आहे, “मीच का आधी बोलू?” या प्रश्नाला जागाच उरत नाही. प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, आधीचा आठवडा यासाठी राखून ठेवावा, म्हणजे त्या भेटीला आपोआप मुदत मिळते.

दुसऱ्या पायरीवर सोबत कोणाला न्यावे, हेही विचारपूर्वक ठरवावे. आपली बाजू घेणारा नव्हे, तर दोघांचेही भले चिंतणारा आणि ऐकलेले पोटात ठेवणारा माणूस निवडावा. पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू), मंडळीतले एखादे वडीलधारे किंवा दोन्हीकडे मान असलेली आत्या चालेल. सासू-सुनेच्या बाबतीत नवऱ्याला निरोप्या करू नये. त्यानेही तसे होऊ नये. मात्र आई-वडिलांना सोडून पत्नीशी जडून राहण्याबद्दल उत्पत्ती २:२४ मध्ये जे सांगितले आहे, त्याची आठवण ठेवून पत्नीचा अपमान होत असेल तेथे त्याने स्वतः आईशी नम्रपणे बोलावे. तिसऱ्या पायरीवरची ‘मंडळी’ म्हणजे कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप नव्हे.

जिथे एकांतात जाऊ नये

मारहाण, धमकी, लैंगिक छळ किंवा मुलांना इजा होत असेल, तर तेथे ‘आधी एकांतात जाऊन बोला’ हा सल्ला देणे चुकीचे आणि धोक्याचे आहे. अशा वेळी आधी सुरक्षित जागी जावे. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा न्यायालयात दाद मागता येते. “आपण ख्रिस्ती आहोत, क्षमा कर आणि घरी जा,” असे म्हणून एखादीला त्याच घरात परत पाठवणाऱ्यांनी क्षमा आणि मुकाट सोसणे यांतील फरक समजून घ्यावा. मनातला सूड सोडणे वेगळे, आणि तक्रार मागे घेणे वेगळे. रोमकरांस १२:१८ मध्येही सर्वांशी शांतीने राहण्याविषयी सांगताना “शक्य असेल तर” आणि “तुमच्याकडून होईल तितके” अशा दोन मर्यादा घातल्या आहेत, त्या उगाच नाहीत.

प्रार्थनेतून टोमणे मारू नयेत

कौटुंबिक प्रार्थना ही आपल्या घरांची मोठी ठेव आहे, आणि ती आवर्जून जपावी. परंतु संध्याकाळी सगळे बसलेले असताना वडील डोळे मिटून “हे प्रभू, आमच्या मुलाला मोबाइलच्या नादातून सोडव आणि त्याला बारावीचे गांभीर्य दे,” असे म्हणतात, तेव्हा ते देवाशी बोलत असतात की मुलाशी, हे त्या मुलाला चांगले कळते. देवालाच तिसरा माणूस करून निरोप पोहोचवण्याचा हा प्रकार आहे. त्याचा परिणाम असा होतो की मुलगा अभ्यासाला तर लागत नाहीच, पण प्रार्थनेच्या वेळी नेमका क्लास काढतो.

बापांनी मुलांना चिडीस आणू नये, ही सूचना इफिसकरांस ६:४ आणि कलस्सैकरांस ३:२१ अशी दोन ठिकाणी आली आहे, आणि दुसऱ्या ठिकाणी ती खिन्न होतील असे कारणही दिले आहे. मोबाइलविषयी बोलायचे असेल तर प्रार्थनेच्या बाहेर, त्याला गाडीवर मागे बसवून रंकाळ्यावर न्यावे आणि तेथे समोरासमोर बोलावे. चुलत भावाच्या टक्क्यांशी तुलना करू नये. प्रार्थनेत मुलासाठी जे मागायचे ते त्यालाच आधी विचारावे: “आज तुझ्यासाठी काय मागू?” पहिले काही दिवस तो “काही नाही” म्हणेल, म्हणू द्यावे. आई-वडिलांकडून चूक झाली असेल, तर मुलांची क्षमा मागण्यात कमीपणा नाही, आणि ती मागताना शेवटी “पण तूही…” असे जोडू नये.

वाटणी आणि बहिणीचा हिस्सा

भावंडांचे संबंध बहुधा आई-वडिलांच्या पश्चात, सातबाऱ्याच्या उताऱ्यावर तुटतात. येथे पवित्र शास्त्रातले चित्र आणि देशाचा कायदा दोन्ही माहीत असलेले बरे. उत्पत्तीच्या १३व्या अध्यायात अब्राम आणि त्याचा पुतण्या लोट यांच्या गुराख्यांमध्ये तंटा सुरू झाला, तेव्हा वयाने आणि मानाने मोठा असलेल्या अब्रामाने लोटाला स्वतः बोलावून पहिली निवड त्याला दिली. त्याने गुराख्यांमार्फत बोलणी केली नाहीत, आणि वेगळे राहणे म्हणजे नाते तुटणे असेही मानले नाही. पुढे लोट संकटात सापडला, तेव्हा त्याच्यासाठी धावून गेला तो अब्रामच.

कायद्याच्या बाजूने पाहता, मृत्युपत्र केलेले नसेल तर ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. त्यानुसार पतीच्या मागे पत्नी आणि मुले असतील, तर एक तृतीयांश भाग पत्नीला आणि उरलेला दोन तृतीयांश भाग सर्व मुलांना समान मिळतो. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. असे असूनही बहिणीला थेट विचारण्याऐवजी तिच्या नवऱ्याला सुचवून, किंवा एखाद्या लग्नाच्या गडबडीत कागद पुढे करून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. बहिणीला हिस्सा सोडायचा असेल तर तो तिने खुशाल सोडावा, परंतु तिला आधी घरी बोलावून, जमीन किती, किंमत काय आणि तिचा वाटा किती हे कागदावर दाखवून मगच विचारावे, आणि उत्तरासाठी तिला वेळ द्यावा. ती “नको, मला हवा आहे,” म्हणाली, तर भाऊबीजेच्या किंवा नाताळच्या ताटावर त्याचा राग निघता कामा नये.

यापेक्षा चांगले म्हणजे आई-वडिलांनीच हयातीत सर्वांना एकत्र बसवून मृत्युपत्र करावे. त्याला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नसली तरी करून घ्यावी. ज्याला मृत्युपत्राने काही मिळणार आहे त्याची, किंवा त्याच्या पती-पत्नीची, साक्षीदार म्हणून सही घेऊ नये, कारण ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्रात तसे केल्यास त्याला दिलेला वाटा रद्द ठरतो. पाळकांना मात्र वाटणीच्या पंचाईतीत ओढू नये. “गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा,” अशी विनंती एकाने येशूलाही केली होती (लूक १२:१३-१४), आणि मला तुमच्यावर न्यायाधीश कोणी नेमले असे विचारून त्याने ती नाकारली.

मैत्री

घरापेक्षा मैत्रीत थेट बोलणे सोपे असावे असे वाटते, पण तसे नसते, कारण मित्राला टाळता येते. मित्राने केलेले घाव विश्वासाचे असतात, असे नीतिसूत्रे २७:६ मध्ये म्हटले आहे. म्हणजे मित्राचे पिणे वाढले आहे हे कट्ट्यावर चारचौघांत हसत सांगणारा आणि त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगणारा, यांतला दुसरा मित्र. दुःखाच्या घरी मात्र बोलण्याची घाई करू नये. संकटांनी घेरलेल्या ईयोबाचे तीन मित्र त्याच्याजवळ सात दिवस काहीही न बोलता बसून राहिले (ईयोब २:१३), आणि तेवढेच त्यांचे बरोबर होते; बिघडले ते तोंड उघडल्यावर.

आपले बरेचसे मित्र दुसऱ्या धर्माचे असतात, आणि तेच स्वाभाविक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा कोणाच्या माडीवर कोण राहिले हे कोणी धर्म विचारून ठरवले नव्हते. अशा मित्राकडे सणाला जावे. एखाद्या विधीत किंवा प्रसादाच्या बाबतीत आपली अडचण असेल, तर ती त्यालाच आधी मोकळेपणाने सांगावी, ऐन वेळी तोंड चुकवू नये. त्याला आपली श्रद्धा सांगावीशी वाटली तर जरूर सांगावी, पण तो बदलला तरच मैत्री, असा हिशेब मनात ठेवू नये. एकाच घरातही असे होऊ शकते. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, आणि पुढे स्वतःचा विचार पक्का झाल्यावरच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळातही नाते टिकले होते.

आपल्याकडे मैत्रीची खरी परीक्षा पतसंस्थेच्या जामिनाने होते. “भावा, फक्त सही कर, हप्ते मी भरतोय,” या वाक्याने जितकी मैत्री संपली असेल तितकी भांडणाने संपली नसेल. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहण्याविषयी नीतिसूत्रांत वारंवार इशारा आहे (६:१-५, १७:१८, २२:२६-२७), आणि भारतीय करार अधिनियमाप्रमाणेही जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मित्राने हप्ते थकवले तर संस्था थेट आपल्याकडे येऊ शकते. सही करायची नसेल तर फोन न उचलणे, बायकोचे नाव पुढे करणे, “आधार कार्ड सापडत नाही” असे सांगणे हे प्रकार करू नयेत. त्याच्या घरी जाऊन सांगावे: “मी जामीन राहणार नाही. पण पाच हजार रुपये देऊ शकतो, आणि ते परत आले नाहीत तरी मी विचारणार नाही.” आकडा आपल्या ऐपतीप्रमाणे ठेवावा, आणि दुसरे वाक्य खरे असेल तरच उच्चारावे.

पुण्याला गेलेल्या, वर्षानुवर्षे न बोललेल्या मित्राशी पुन्हा बोलणे सुरू करायचे असेल, तर जुना हिशेब आधी काढू नये. मार्क या सहकाऱ्यावरून प्रेषित पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांचा इतका कडाक्याचा वाद झाला की ते वेगळे झाले (प्रेषितांची कृत्ये १५:३९), आणि तरीही तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (४:११) मार्कला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे, असे लिहिलेले आहे. मागच्या वादाचा त्यात शब्दही नाही. आपणही तेवढेच लहान लिहावे: “खूप दिवस बोललो नाही. चूक माझीही होती. कोल्हापूरला येशील तेव्हा भेटू.” उत्तर आले नाही तर महिनाभर थांबून एकदा फोन करावा, आणि मधल्या काळात दुसऱ्या मित्राला “माझा मेसेज त्याने वाचला का, जरा बघ ना,” असे विचारू नये.